शर्टाच्या खिशातला देव

आईचं पोटाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी दोन कामं केली. तिच्यासाठी एक बाटली रक्त दिलं आणि तिचा देव हरवला. पहिल्या कामाचं नंतर बऱ्याच लोकांनी कौतुक केलं.

आम्ही लिंगायत वाणी. धर्मापुरीत आमचं किराण्याचं दुकान. आमच्यात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. जांभळाएवढं, काळं, चांदीच्या लहानशा डबीत, दोऱ्यात ओवलेलं. ते मरेपर्यंत उतरायचं नाही आणि मेल्यावर माणसाबरोबर मातीत जायचं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच अन्नपाणी. हरवलं तर काय करायचं, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं. आजोबा म्हणाले होते, मग माणसानं राहू नये. घरातल्या सगळ्यांनी माना हलवल्या आणि जेवायला वाढलं गेलं.

मी माझं लिंग घड्याळासारखं वापरत होतो. आंघोळीनंतर डबी कपाळाला लावायची, परत शर्टात टाकायची, दुकान उघडायचं. आईचं तसं नव्हतं. तिला अर्धा तास लागायचा. तळहात डोळ्यांसमोर धरून ती त्याच्याकडे बघत बसायची आणि त्या वेळात गिऱ्हाईक आलं काय, दूध उतू गेलं काय, ती हलायची नाही. वडील गेले त्या दिवशीसुद्धा तिनं आधी पूजा केली आणि मग रडायला बसली. मी तेव्हाही रडलो नव्हतो. बधिर झालाय बिचारा, असं लोक म्हणाले. मला वाटतं मी आधीपासूनच तसा होतो, त्या दिवशी फक्त लोकांच्या लक्षात आलं.

दवाखाना ख्रिस्ती मिशनचा होता, जुना, जाड भिंतींचा. व्हरांड्यात नुकताच रंगीत टीव्ही आणून बसवला होता आणि त्यावर दिवसभर परदेशी शीतपेयांच्या जाहिराती चालायच्या. ऑपरेशनच्या आधी नर्सनं आईच्या हातातलं काढलं आणि गळ्यातला दोरा कात्रीनं कापला. आईनं काही बोलायच्या आत तिला आत नेलं. "सांभाळा," असं म्हणून नर्सनं डबी माझ्या हातावर ठेवली. मी ती शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. मग कुणीतरी म्हणालं, रक्त लागेल. मी रक्त दिलं, चहा आणि बिस्किट घेतलं, उठलो तर चक्कर आली. बाहेरच्या बाकावर डोकं गुडघ्यांत घालून बराच वेळ बसलो. खिशाला हात लावला तेव्हा खिसा रिकामा होता.

सगळीकडे शोधलं. झाडणाऱ्या बाईनं केराची टोपली माझ्यासमोर पालथी केली. बाकाखाली, पाण्याच्या टाकीपाशी, गटारात, रक्त घ्यायच्या खोलीतल्या खाटेखाली, कुठेच नव्हतं. मी घाबरायला हवं होतं. मी फक्त त्याच चार जागा परत परत बघत राहिलो, दुकानात एखादा डबा सापडत नसला की बघतो तसा.

पहिले दोन दिवस आई गुंगीत होती आणि तिला सलाईन चालू होतं. हात गळ्याकडे जायचा. मी म्हणायचो, "माझ्याजवळ हाय." तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाणी द्यायला सांगितलं. मी पेला तिच्या ओठांशी नेला.

"आधी लिंग दे," आई म्हणाली.

मग सांगावंच लागलं. सांगताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता, तेल संपलंय म्हणून सांगावं तसा. आईनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. "बरं. सापडलं की घेते," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

स्वामींना बोलवावं तर ते श्रीशैलला पायी गेले होते आणि परत यायला पंधरा दिवस तरी होते. आमच्या घराण्याचा मठ ठरलेला, दुसऱ्या कुणा स्वामीच्या हातून आई नवं लिंग घेणार नव्हती. मी विचारून पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. डॉक्टरांना हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, सलाईनवर किती दिवस काढणार, आतडी चालू व्हायला हवीत, नाहीतर मी जबाबदार नाही.

खाटेशेजारच्या कपाटात एक जाड पुस्तक होतं. ख्रिस्ती लोकांचं शास्त्र, मराठीत. करमायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी ते काढलं. दुपारी एक म्हातारे गुरुजी खाटाखाटांवर फिरायचे. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, धोतर, हातात छत्री. हे वाणी गृहस्थ शास्त्र वाचतायत म्हणून ते खूश झाले आणि मागची पानं काढून देऊ लागले.

"शेटजी, तुमी इकडचं वाचा. इकडं सोपं हाय. सुरवातीचं सगळं यहुद्यांचं, लई किचकट. मटणाचा धंदाच हाय सगळा."

पण मला ते सुरुवातीचंच वाचायचं होतं. चांगुलपणाच्या गोष्टी मला लहानपणापासून झोप आणतात. या सुरुवातीच्या भागात मात्र नियम होते. काय शिवायचं, काय नाही, कुणी आंघोळ करायची, कुठली वस्तू संध्याकाळपर्यंत अशुद्ध, मडकं बाटलं तर फोडायचं आणि पितळी भांडं घासून घ्यायचं. मला वाटलं, हे तर आमच्या घरातलं आहे. आजीच्या तोंडून ऐकलेलं कुणीतरी त्या वाळवंटात नेऊन लिहून ठेवलंय.

चौथ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं, "हे करार करार म्हणतात ते काय? नवसासारखंच का?"

ते खाटेच्या कडेला बसले. आई डोळे मिटून पडली होती. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, त्यांना मी ओला बोळा लावायचो. तेवढं ती करू द्यायची, घोट मात्र घ्यायची नाही.

"नवसात काय असतं," गुरुजी म्हणाले, "मानूस म्हनतो, तू हे कर, मंग मी ते करतो. व्यवहार झाला तो. तुमच्या दुकानासारखा. करारात तसं न्हाई. आधीच्या काळी दोघं जन जनावर मधून चिरायचे, दोन बाजूंनी दोन तुकडे मांडायचे आन् मधून चालत जायचे. म्हंजी काय, की मी मोडला तर माझं बी असंच व्हवं."

"दोघंही चालायचे?"

"दोघं बी. पर देवानं यहुद्यांच्या मूळपुरुषाशी, त्या म्हाताऱ्याशी, करार केला तवा काय झालं, म्हातारा झोपला व्हता. गाढ. आन् तुकड्यांमधून निस्ता जाळ गेला. येकटा. वाचा, तिथंच हाय."

मी वाचलं. तसंच होतं. झोपलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते मला नीट कळलं नाही. त्याला उठवून विचारलं नव्हतं, एवढं मात्र खरं. माझ्या गळ्यात लिंग बांधलं तेव्हा मला तरी कुठं विचारलं होतं? मी काही दिवसांचा होतो. त्या यहुद्यांच्या पोरांनाही आठव्या दिवशी अंगावर खूण करायचे. हे लोक आणि आम्ही, दोघांनीही तोंड फुटायच्या आत पोरांना बांधून टाकलं होतं. त्यांचा देवही देवळात बसणारा नव्हता. तंबूत राहायचा आणि लोक निघाले की निघायचा. आमचा गळ्यात.

बळी हा भाग मला जड गेला. आम्ही अंड्यालाही न शिवणारे. चरबी, गुरदे, रक्त शिंपडणं, ती पानं मी बोटाच्या टोकानं उलटायचो. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मग ते मारायचं. हात ठेवायचा म्हणजे काय, हे मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "आपलं त्याच्यावर द्यायचं." त्यांनी हात पुढं करून हवेतच दाखवलं, एखाद्या बोकडाच्या डोक्यावर ठेवावा तसा. तो हात बराच वेळ तसाच होता.

एक गोष्ट मला आवडली. ज्याला बकरं परवडत नाही त्यानं दोन पारवे आणावेत, आणि तेही जमत नसेल तर थोडं पीठ. फक्त त्यात तेल घालू नये आणि वर धूप ठेवू नये. मी जन्मभर पीठ विकलेला माणूस, म्हणून विचारलं, तेल का नको?

"पापाचं अर्पण हाय ते, शेटजी. पापाला वास कशाला चांगला?"

मी हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा. आईनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले.

मग मी पावित्र्याचं विचारलं. मला वाटलं होतं पवित्र म्हणजे स्वच्छ, चांगलं. गुरुजी म्हणाले, तसं नाही. पवित्र म्हणजे बाजूला काढलेलं. त्याला वाट्टेल तसं शिवायचं नाही. मग त्यांनी मला एका पेटीची गोष्ट सांगितली. देवाशी झालेला करार ज्या पेटीत ठेवला होता ती कराराची पेटी बैलगाडीतून चालली होती, बैल अडखळले, पेटी कलंडायला लागली. शेजारी चालणाऱ्या एकानं ती पडू नये म्हणून हात लावला. तिथल्या तिथं मेला.

"त्यानं तर चांगल्यासाठीच लावला ना हात?"

"चांगल्यासाठीच."

"मग मारलं कावून?"

गुरुजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तीस वर्षं शिकवलं मी हे. पोरं दर वर्षी हेच विचारायची. मला बी कळलेलं न्हाई. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं कायतरी सांगितलं असतं. मी खोटं सांगनार न्हाई."

पाचव्या दिवशी सकाळी आईची नाडी मंद झाली असं नर्स म्हणाली. डॉक्टर आले, माझ्याशी बोलले नाहीत, नर्सशीच बोलले. मी चपला घातल्या आणि परळीची बस पकडली.

देवळाच्या पायऱ्यांपाशी विभूती, रुद्राक्ष, लिंगं विकणारी दुकानं आहेत. आईचं होतं तेवढंच लिंग निवडलं, तशीच डबी घेतली. डबी फार चकाकत होती. परत आल्यावर दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याच्या चुलीतली राख मागून घेतली आणि ती डबीवर चोळत बसलो. कानाकोपऱ्यात काळं बसेपर्यंत चोळली. दोराही राखेतून आणि तळहाताच्या घामातून ओढून काढला. हे सगळं मी इतक्या नीटपणे केलं की आता आठवलं तरी माझीच मला शिसारी येते. स्वामींनी मंत्र दिल्याशिवाय ते लिंग म्हणजे नुसता दगड, हे मला ठाऊक होतं. कलंडणारी पेटी मला दिसत होती आणि मी हात लावत होतो, हेही ठाऊक होतं.

"सापडलं," मी आईला म्हणालो. "खाटेच्या लोखंडात अडकलं व्हतं."

आईनं डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. हाताला बळ नव्हतं म्हणून मी खालून मनगट धरलं. तिनं बराच वेळ बघितलं. नंतर माझ्याकडं बघितलं, तेही बराच वेळ. मग डोळे मिटून तिनं ते कपाळाला लावलं, गळ्यात बांधून घेतलं आणि म्हणाली, "आण पानी."

ती पाणी प्याली. दुपारी पेज घेतली. पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो.

गुरुजींना मी जायच्या दिवशी खरं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि ते आमच्यातले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. बरं केलं म्हणाले नाहीत आणि वाईटही म्हणाले नाहीत. "आईला कवा सांगनार?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, बरी झाली की.

आई बरी झाली. मी सांगितलं नाही. काही तरी होईल अशी मी वाट बघत होतो. त्या गाडीशेजारच्या माणसाचं झालं तसं. दुकान जळेल, माझा हात लुळा पडेल. काहीच झालं नाही. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, बाटलीतलं पाणी विकत घेणारी माणसं धर्मापुरीत आली, शेजारी एसटीडीचा बूथ झाला. रोज सकाळी आई त्या दगडासमोर अर्धा तास बसायची आणि मी दाराआडून तिला बघायचो. वाईट वाटतं का, असं स्वतःला विचारायचो. नीट उत्तर यायचं नाही. दात काढल्यावर जीभ तिथं जाते आणि काही लागत नाही, तसं होतं ते.

नऊ वर्षांनी आई गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता. आमच्यात माणसाला मातीत बसवून पुरतात. खड्डा झाला, आत विभूती पसरली, बेलाची पानं टाकली, आईला बसवलं. स्वामी आता फार म्हातारे झाले होते, दोघांनी हात धरून त्यांना खड्ड्याच्या काठाशी आणलं होतं. त्यांनी आईच्या गळ्यातली डबी सोडली. लिंग काढून तिच्या डाव्या हातात ठेवायचं असतं. तोच देव तिला पुढं नेणार, असं आम्ही मानतो.

"महाराज, थांबा," मी म्हणालो.

नऊ वर्षं जे जमलं नाही ते त्या क्षणी तोंडाशी आलं, कारण आता पुढं ढकलायला जागा नव्हती. हातातला दगड घेऊन आईला मी कुठं पाठवत होतो? स्वामींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बाकीच्या लोकांना आणखी बेल आणायला धाडलं.

"त्ये परळीचं हाय, असंच सांगायचंय ना?" ते म्हणाले.

मी खड्ड्याच्या काठावर खाली बसलो.

"ती दवाखान्यातून घरी आली आन् मी श्रीशैलहून परतलो, तशी दुसऱ्याच दिशी ती मठात आली. दोन बायांनी धरून आणली व्हती. मला म्हनली, महाराज, तळहाताला लगीच कळलं ह्ये माझं न्हाई. पर पोरगं माझ्यासाठी राख चोळून घिऊन आलं. न्हाई म्हनले असते तर त्यो बसला असता तसाच आन् मी गेले असते त्याच्यासमोर. म्हनून लिंग नसताना पानी प्याले."

तिला पाणी पितानाच माहीत होतं. मी तिचं मनगट धरलं होतं तेव्हा.

"मग मी त्येच लिंग शुद्ध करून, मंत्र दिऊन तिला परत बांधलं. त्ये दगड न्हाई. तू भिऊ नकोस. ऱ्हायलं तुझं प्रायश्चित्त. देवाच्या नावानं खोटं बोलणाऱ्याला त्ये घ्यावंच लागतं. मी म्हनलं, पाठवून दे त्याला. तर ती म्हनली, त्याला काय वाटत न्हाई, महाराज. त्याच्या हातून हुनार न्हाई. त्याचं मला द्या."

"काय दिलं?"

"जन्मभर एकभुक्त."

आई संध्याकाळी जेवत नसे. दवाखान्यातून आल्यापासून. मला वाटायचं, ऑपरेशननं पोट लहान झालंय, मी तसंच सगळ्यांना सांगायचोही. ती मला गरम भाकरी वाढायची, समोर बसायची, दुकानातलं विचारायची. आणखी एक घे म्हणायची. नऊ वर्षं, रोज संध्याकाळी, मी तिच्यासमोर पोट भरून जेवलो.

"आता मला द्या," मी म्हणालो. "तिचं सुटलं. आजपासून माझं मला द्या."

स्वामींनी मान हलवली. "फिटलं त्ये. तिनं पुरतं फेडलं. आता तुला द्यायला माझ्याजवळ काय बी ऱ्हायलं न्हाई."

लोक बेल घेऊन परत आले. स्वामींनी लिंग आईच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटायला मला सांगितलं. बोटं थंड होती, मिटत नव्हती. मी एकेक करून मिटली. आणि मला तिचा राग आला. एवढा राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. माझं असं एक पाप होतं, तेही तिनं माझ्याकडं ठेवलं नव्हतं. लोक मला धरायला धावले. त्यांना वाटलं मी रडतोय. मी ओरडत होतो, खड्ड्यात वाकून, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होतो, "मला विचारायचं तरी. एकदा विचारायचं तरी मला."